मागच्या दाराची पोटगी

सरकारी दप्तरात माझ्या बापाच्या नावापुढे लिहिलंय, की त्याने मला काही दिलेलं नाही. हे वाक्य ज्याने लिहिलं तो मला भेटला नाही हे त्याचं नशीब. त्या एका ओळीपायी माझा बाप होबर्ट स्लोन, पूर्वीचा खाणीतला वायरमन, केस पांढरे व्हायला लागल्यावर वकिलीला बसलेला आणि पहिल्याच झटक्यात परीक्षा पास झालेला माणूस, सनदेच्या दारात ताटकळत उभा होता. आमच्या केंटकीत नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. चारित्र्य समितीपुढे जावं लागतं, आणि समितीच्या डोळ्यांत आधी खुपते ती थकलेली पोटगी. ज्याने स्वतःच्या पोरीला उपाशी ठेवलं तो अशिलाचे पैसे काय सांभाळणार, असा त्यांचा विचार. विचारात चूक काही नाही. फक्त ती पोरगी मी आहे, आणि मी एक दिवस उपाशी राहिलेली नाही.

समितीचं बोलावणं आलं त्या रविवारी मी मम्मीकडे जेवायला होते. डॅडीही आला, म्हणजे मागच्या ओट्यापर्यंत आला. त्या दोघांची फारकत मी चालायला लागले त्याच सुमाराची. तेव्हापासून डॅडी मम्मीच्या घरी पुढच्या दाराने आलेला मी पाहिला नव्हता.

आमच्या खोऱ्यात यात नवल काही नाही. खाण बंद पडली की आधी पगार जातो, मग ट्रक जातो, मग नवराबायकोतलं बोलणं जातं. बाई लेकरू कडेवर घेऊन सरकारी मदतीचा अर्ज करते. मदत देताना सरकार तिच्याकडून लिहून घेतं, की बापाची पोटगी आता तुझी नाही, आमची. म्हणजे बापाने पोटगीच्या ऑफिसात पैसे भरले की सरकार ते आपल्या मदतीपोटी वळते करून घेणार. नाव पोटगी, पण पोट भरणार सरकारचं. मग खोऱ्यातले बाप शहाणे झाले. ते ऑफिसात जात नाहीत, मागच्या दाराने येतात. ओट्यावर लाकडं रचून जातात, शिकारीच्या दिवसांत हरणाची मांडी टांगून जातात, शाळा उघडायच्या आधी बुटांचा खोका ठेवून जातात. बाईने हे कुठे सांगितलं तर तिची मदत बंद, वर सरकारला फसवल्याचा ठपका. म्हणून कोणी सांगत नाही आणि शेजारी विचारत नाहीत. एखाद्या चोंबड्याने विचारलंच, "काय गं, ओट्यावर काय आलंय?" तर सगळ्या खोऱ्याचं उत्तर एकच: "कुत्र्याने आणलं असेल."

मी बोलायला शिकले ते हे वाक्य शिकतच.

तर त्या रविवारी मम्मी हातात डाव घेऊन मागच्या दारात उभी राहिली. "आत ये की. बीन्स गार होतायत."

"इथेच बरा आहे," डॅडी पायरीवरून म्हणाला.

"हो, बस तिथेच. उद्या वकील झालास तरी कोर्टात मागच्या दारानेच शिरशील."

"आधी होऊ तर दे."

"होणार कसा? त्या रॉयने एवढं छान लिहून दिलंय. सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. पण नाही. स्लोन घराण्यात सरळ माणूस जन्माला येतच नाही."

रॉय टॅकेट म्हणजे आमच्या गावातला जुना वकील. डॅडी त्याच्याच ऑफिसात काम करून शिकला, आणि समितीपुढे डॅडीची बाजू तोच मांडणार होता. त्याने माफीनामा तयार केला होता: मी माझ्या मुलीची जबाबदारी टाळली, तिला वाऱ्यावर सोडलं, मला मनापासून पश्चात्ताप होतो. रॉय म्हणाला होता, होब, समितीला रडका माणूस आवडतो. रड, सनद घे, घरी जा.

"पैसे राहिले हे मी लिहून देतो," डॅडी म्हणाला. "हप्ते भरतोय, मरेपर्यंत भरेन. पण माझ्या पोरीला, लेटाला, वाऱ्यावर सोडलं असं मी लिहिणार नाही. बोट कापून देईन एक वेळ. सही नाही."

"मग खरं काय ते सांगून टाक ना त्यांना," मी म्हणाले.

मम्मी आत वळली आणि मक्याच्या पावाचे तुकडे करायला लागली, ते आधीच केलेले होते तरी. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. सरकारी नोकरी, पेन्शन दोन पावलांवर आलेली. सरकारला फसवल्याचा ठपका आला तर पेन्शनला रामराम.

"खरं सांगितलं की तुझ्या आईच्या नावाने बिल फाटतं," डॅडी हळू आवाजात म्हणाला.

आतून मम्मी ओरडली, "माझी काळजी करायला तुला कोणी सांगितलंय?"

"कोणी नाही," डॅडी म्हणाला.

ही गाठ पडली होती ती मी शाळेत असताना. सरकारने पोटगीसाठी डॅडीवर दावा लावला, आणि मला ठेवायला कुठे नाही म्हणून मम्मी मला कोर्टात घेऊन गेली होती. न्यायाधीश म्हणाले, "मिस्टर स्लोन, ऑफिसबाहेर तुम्ही मुलीला जे काही दिलं असेल तो कायद्याच्या लेखी आहेर. तो पोटगीत धरता येत नाही. तरी तुम्हाला काही सांगायचंय?" डॅडीने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर मम्मी बसली होती, तोंड पांढरंफटक पडलेलं. तो पुन्हा पुढे वळला आणि म्हणाला, "काही नाही."

लिहून घेणाऱ्याने लिहिलं: वडिलांनी काही दिलेलं नाही.

परतीच्या वाटेवर मम्मी गाडी चालवता चालवता मोठ्याने हसली. "आहेर म्हणे! लग्नात माझ्या चुलत्याने एक कढई दिली, तेवढा आहेर. आता लग्न मोडल्यावर बघ कसा येतोय!" हसता हसता तिने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मला वाटलं गाडी बिघडली. डॅडीला मात्र त्या शब्दाने झोप लागू दिली नाही. चुलीतलं लाकूड आहेर कसं होतं ते कोणत्या पुस्तकात लिहिलंय ते मला बघायचंय, असं म्हणून तो रॉयच्या ऑफिसातली पुस्तकं मागायला गेला. तिथून त्याची वकिली सुरू झाली. लोकांना वाटतं तो मोठेपणासाठी शिकला. छे. तो चिडून शिकला.

आणि माझ्या दातांचं सांगायचं राहिलं. लहानपणी माझे दात एकावर एक चढलेले होते. मी हसताना तोंडावर हात धरायचे. डोंगरातला माणूस भेटला की शहरातली माणसं आधी त्याच्या तोंडात बघतात, चोरून, आणि तिथेच त्याची किंमत ठरवतात. दातांच्या डॉक्टरने तारा बसवायचा आकडा सांगितला तेव्हा मम्मीने पर्सची चेन ओढली आणि मला उठवलं. डॅडीला मी ओट्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडे गेला आणि विचारलं, तुमच्याकडे काही काम आहे का? डॉक्टर तळ्याकाठी घर बांधत होता. दोन उन्हाळे डॅडीने त्या घराची सगळी वायरिंग केली, एक पैसा हातात न घेता. ओट्यावर ठेवून जाता येणार नाही अशी त्याने मला दिलेली ती एकच गोष्ट. आज मी दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसते, येईल त्याच्याकडे बघून हसते, आणि त्याचाच मला पगार मिळतो.

समितीच्या दिवशी सकाळी डॅडीच्या ट्रकमध्ये मी चढले, तर मम्मी आधीच खिडकीशी बसलेली. चर्चला जायचा निळा ड्रेस, मांडीवर पर्स.

"तू?"

"तुझ्या बापासाठी येत नाहीये मी. राजधानीत एका ठिकाणी माशाचा बुफे चांगला मिळतो म्हणतात."

"सकाळी सातला मासा?" डॅडीने विचारलं.

"गाडी चालव."

राजधानीतली ती खोली गालिच्याची, पाण्याच्या जगांची. समोर तिघं. मध्ये अध्यक्ष व्हिटलो, मऊ आवाजाचा, शाळेतल्या फोटोत विंचरून बसवतात तसे केस. त्याच्या डावीकडे प्रेथर नावाच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. तिसरा माणूस नुसता लिहीत होता. आम्ही बसलो तर डॅडीची हरकत नव्हती, म्हणून मी आणि मम्मी मागच्या खुर्च्यांवर.

"मिस्टर स्लोन," व्हिटलो म्हणाला, "तुमचे गुण उत्तम आहेत. शिफारशी उत्तम आहेत. एवढी थकबाकी का झाली तेवढं आम्हाला समजून घ्यायचंय."

"भरली नाही म्हणून झाली, सर."

"का भरली नाही?"

"त्याचं उत्तर मी देणार नाही."

रॉयने डोळे मिटून घेतले.

"न देण्याचं काही कारण?" प्रेथरबाईंनी विचारलं.

"आहे, मॅडम. तेही देणार नाही."

"कोर्टात तुम्ही मुलीला काही दिलेलं नाही असं म्हणालात. त्याचा पश्चात्ताप होतो का?"

डॅडीच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसली. "ऑफिसात पैसे राहिले, त्याचं वाईट वाटतं. मुलीबद्दल विचारत असाल तर मला कसलाही पश्चात्ताप नाही."

व्हिटलोने पेनाचं टोपण लावलं. रॉयने घाईघाईने सांगितलं, की मुलगी स्वतः साक्षीला आली आहे. मी पुढे गेले, शपथ घेतली.

"मिस स्लोन," व्हिटलो अगदी प्रेमाने म्हणाला, "घाबरू नका. तुम्ही लहान असताना तुमचे वडील घरी काही आणून देत होते का?"

इतका साधा प्रश्न. हो म्हटलं तर मम्मीची नोकरी जाते, नाही म्हटलं तर डॅडीची सनद. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी तोंड उघडलं आणि लहानपणापासून जिभेवर बसलेलं तेच बाहेर पडलं.

"कुत्र्याने आणलं असेल."

लिहिणाऱ्याने मान वर केली.

"कुत्र्याने?" प्रेथरबाई म्हणाल्या.

माझे कान तापले. शपथेवर, राजधानीत, गालिच्यावर उभी राहून मी कुत्रा म्हणाले होते. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

"कुत्रा वगैरे काही नव्हता," मम्मी म्हणाली. "आमच्याकडे कधी कुत्रा नव्हताच."

"अर्लीन, खाली बस," रॉय कुजबुजला.

"तू गप रे रॉय. तुझ्या माफीनाम्यापेक्षा माझी किराण्याची यादी बरी." ती चालत टेबलापाशी आली. पर्स तिने छातीशी धरली होती. "मी हिची आई. मदतीच्या कागदावर माझी सही आहे. ह्या माणसाने दर थंडीला माझ्या ओट्यावर लाकडं रचली. त्याचं हरण मी बरण्यांत भरून वर्षभर पोरीला खायला घातलं. बूट त्याचे, दप्तर त्याचं, छताचा पत्रा त्याचा. आणि मी सरकारची मदतही घेतली. दोन्ही घेतलं, कारण एकाने भागत नव्हतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घेईन."

"बाई," व्हिटलो म्हणाला, आणि त्याचा मऊ आवाज पहिल्यांदाच अडखळला, "तुम्ही बोलताय त्याची नोंद होते आहे. वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय..."

"व्हायलाच हवी नोंद. मागल्या वेळी चुकली. या वेळी त्याला सांगा, नीट लिही."

डॅडी उभा राहिला होता. "अर्लीन, तुला कोणी सांगितलं होतं हे?"

"कोणी नाही," मम्मी म्हणाली. त्याचंच उत्तर तिने त्याला परत केलं.

प्रेथरबाई मात्र कसलेल्या होत्या. "म्हणजे मिस्टर स्लोन, काही दिलं नाही असं तुम्ही कोर्टाला खोटं सांगितलंत?"

"मला विचारलं, काही सांगायचंय का. मी म्हणालो, काही नाही. म्हणजे 'सांगायचं काही नाही'. त्याचं 'दिलं काही नाही' हे लिहिणाऱ्याने केलं."

"आणि ही चूक तुम्ही इतकी वर्षं दुरुस्त केली नाहीत?"

"मॅडम, ती दुरुस्त करायची किंमत माझ्या खिशातून जाणारी नव्हती," डॅडी म्हणाला. मम्मीकडे त्याने बघितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

आता तरी पाझर फुटेल असं मला वाटलं. व्हिटलोने पाणी प्यायलं, ओठ पुसले आणि म्हणाला, "भावना आम्हाला समजतात. पण लाकडं, मांस, बूट, हे सगळं कायद्याच्या लेखी शेवटी आहेरच. दानधर्म म्हणा. पोटगी नव्हे."

पुन्हा तोच शब्द. मम्मीला गाडी थांबवून रडायला लावणारा. माझं डोकं असं फिरलं की शपथ, गालिचा, कसलं भान राहिलं नाही.

"दानधर्म ना?" मी म्हणाले. "सर, दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. तुम्ही मोजा."

आणि मी त्या टेबलावर दोन्ही हात टेकून, त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, दात दाखवले. वरचे, खालचे, सगळे. "बघा ना. इथे आल्यापासून चोरून बघताय, आता उघड बघा. डोंगरातल्या पोरीचे दात इतके सरळ कसे, हाच विचार करत होतात ना? डॉक्टरने माझ्या दातांना तारा बसवल्या, कारण ह्या माणसाने डॉक्टरच्या घरात तारा ओढल्या. दोन उन्हाळे. हे ऑफिसात भरायचं असतं तर कोणत्या खिडकीत तोंड घालायचं होतं मी?"

व्हिटलोने नजर खाली घातली. प्रेथरबाईंनी चष्मा वर सरकवला आणि खरोखर बघितलं, वाकून, नीट.

"छान आहेत," त्या म्हणाल्या. त्यात उपकाराचा सूर नव्हता.

आम्ही बाहेर पडलो. ट्रक सुरू करता करता डॅडी म्हणाला, "मासा खायचा ना?" मम्मी म्हणाली, "माझी भूक मेली." मग अर्ध्या रस्त्यात तिला लागली, आणि पेट्रोल पंपावरचे पाव आणि सॉसेज आम्ही ट्रकमध्येच खाल्ले.

डोंगरात फुलं धरली त्या सुमाराला निकाल आला. सनद मंजूर. अट एकच, पोटगीचे राहिलेले हप्ते शेवटपर्यंत ऑफिसात भरायचे. माफीनामा कोणी मागितला नाही. आणि त्याच आठवड्यात मम्मीला दुसरं पाकीट आलं. लेटा स्लोन हिच्या नावे घेतलेली मदत परत का वसूल करू नये, याचा खुलासा करा. शाळेने सांगितलं, चौकशी होईपर्यंत स्वयंपाकघरात येऊ नका. ती रागाने दिवसभर घर घासत होती. मी समजूत घालायला गेले तर मलाही एक फडकं मिळालं.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. पुढच्या दारावर. ते दार उघडायची कोणाला सवयच नसल्याने मला ते ओढून उघडावं लागलं. बाहेर डॅडी उभा. समितीच्या दिवशीचा सूट, पॉलिश केलेले बूट.

"अर्लीन," तो माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "तुला वकील लागेल का?"

मम्मी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फी काय घेतोस?"

"आहेर चालेल."

तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाय पूस आणि आत ये. फरशी आत्ताच घासलीय."

तारीख पडली ती त्याच जुन्या कोर्टात. खुर्ची तीच, न्यायाधीश नवे. या वेळी पुढच्या टेबलाशी मम्मी होती, निळ्या ड्रेसमध्ये, आणि तिच्या शेजारी डॅडी. मी मागच्या बाकावर. सरकारी वकिलाने आपलं सगळं वाचून दाखवलं, मदत किती, कधीपासून, आणि ओट्यावरचं काय काय तिने लपवलं. ऐकताना मम्मीच्या मानेकडे मी बघत होते. ती एकदाही खाली गेली नाही.

न्यायाधीशांनी कागद बाजूला ठेवले आणि डॅडीकडे बघून तोच प्रश्न विचारला. "वकीलसाहेब, तुम्हाला काही सांगायचंय?"

डॅडी उठला. मागे वळून त्याने पाहिलं नाही. आता त्याची गरज नव्हती, ती शेजारीच बसली होती.

"आहे, युअर ऑनर," तो म्हणाला. "बरंच आहे."

"आणि त्या लिहिणाऱ्याला सांगा," मम्मी बसल्या जागेवरून म्हणाली, "कान उघडे ठेवून लिही."